जुलैत जाऊ नका, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दिंडोरीकडचं घर, वडिलांची चार एकर थॉमसन (खायची द्राक्षं), बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष, ऑस्ट्रेलियात वाईनमेकिंगचं मास्टर्स करायची इच्छा. कागद वेळेत न मिळाल्याने फेब्रुवारीचा प्रवेश हुकला आणि आता एजंट म्हणतोय, "जुलैचा घ्या, काही फरक पडत नाही." अगदी हेच वाक्य मलाही एकाने सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), एसओपी (अर्जासोबतचा निबंध), कर्ज यांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, त्यात शिरत नाही.

फरक पडतो. इतर मास्टर्सना पडत नसेल, या एका शिक्षणाला पडतो, कारण द्राक्ष वर्षातून एकदाच पिकतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पहिलं सत्रही फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं आणि वाईन बनवण्याचं प्रात्यक्षिक त्याच सत्रात येतं. माल तेव्हाच असतो, दुसरं कधी येणार? जुलैत तिथे कडाक्याची थंडी आणि बागेत नुसत्या काड्या.

माझं असं झालं. ऑफर लेटर ऑक्टोबरमध्येच हातात होतं. फक्त ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, हवं होतं, सीलबंद पाकिटात. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून आता काही उपयोग नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि पुढे आईचं. पासपोर्टवर आईचं नाव नाही आणि वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. मग म्हणाले, हे चालणार नाही, राजपत्रात नाव छापून आणा. तेही केलं. मग साहेब रजेवर. मग साहेब आले तर शिक्का मारणाऱ्या बाई निवडणुकीच्या कामावर. आमच्या गावाहून एसटीने साडेतीन तास लागायचे. अकरा वेळा गेलो. एकदा सकाळी साडेदहापासून उभा होतो, माझा नंबर आला आणि खिडकीला "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लागली. आत माझी फाईल टेबलावर दिसत होती, पिवळी, वर माझंच नाव. पाकीट मिळालं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर व्हिसाचं काही जमण्यासारखं नव्हतं. हे लिहितानाही राग येतो. एका अक्षरासाठी पोराचं वर्ष जातं याची तिथे कुणालाच पर्वा नव्हती.

पण खरी चूक त्या खिडकीची नव्हती, माझी होती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वर्षभर घरी बसायला लाज वाटली. भाऊबंद विचारायचे, "काय रे, गेला नाहीस अजून?" म्हणून जुलैचा प्रवेश घेतला आणि निघालो.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला बागेत छाटणीला नेलं. सकाळचं धुकं, चारेक अंश तापमान, हातमोज्यातून कात्री धड धरता येईना. छाटणी मला शाळेत असल्यापासून येते, पण समोरची वेल आपल्या वेलीसारखी नव्हती. ती खरोखर झोपलेली होती. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठी गोडी छाटणी आणि मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग, म्हणजे काडीला औषध लावणं. शिक्षकांना हे सांगितलं तर त्यांनी सगळ्या वर्गाला थांबवून माझ्याकडून ऐकवून घेतलं. तुमच्याकडे हे ज्ञान आहे ताई, त्याला कमी समजू नका. उष्ण प्रदेशातली द्राक्षशेती तिथल्या पुस्तकांत दोन पानांत उरकलेली असते.

तो दिवस चांगला गेला, पुढचं नाही. दुसऱ्या, म्हणजे जुलैपासूनच्या सत्रातले बरेच विषय पहिल्या सत्रातल्या रसायनशास्त्रावर आणि प्रात्यक्षिकावर उभे होते. पहिलं केल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. मग मी त्या सत्रात सुटे विषय घेतले, फेब्रुवारीत पहिलं सत्र केलं, आणि जे विषय जुलैत हवे होते ते पुढच्या जुलैत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम अडीच वर्षांवर गेला. एका जादा सत्राची फी म्हणजे आमच्या अडीच एकराचं चांगल्या वर्षाचं उत्पन्न. वरून व्हिसा वाढवणं, विमा, खोलीचं भाडं. वडिलांच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा होता, तो एक वर्ष उशिरा उतरला. सहा महिने वाचवायला गेलो, वाचलं काहीच नाही, वर एका सत्राचा खर्च अंगावर आला.

सगळ्याच विद्यापीठांत विषयांची साखळी अशीच असेल असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी जुलैवाल्यांसाठी वेगळी मांडणी असू शकते. पण हे एजंटला विचारू नका. कोर्स कोऑर्डिनेटरला ईमेल करा आणि एकच प्रश्न विचारा: जुलैत आले तर मला पहिली काढणी कधी मिळेल आणि पदवी कोणत्या महिन्यात हातात पडेल?

आता थांबलात तर काय करायचं? नाशिकमध्ये वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते. कुठल्याही वायनरीत हंगामी कामाला लागा. पगार बघू नका. टाक्या धुवायला लावतील, पाईप ओढायला लावतील, तेच शिकायचं असतं. रेड वाईनच्या टाकीत साली वर येऊन जाड थर धरतात, तो रात्री दोन वाजता पंप ओव्हर करून (तळचा रस पंपाने वर सोडून) ओला ठेवायचा, सकाळी ब्रिक्स (रसातली साखर) घ्यायचा, आंबणं अडलं तर वासावरून ओळखायचं. एका हंगामात हे हाताला बसतं. फक्त हंगाम लांबला तर सत्र सुरू व्हायच्या आधी निघता येईल असं आधीच बोलून ठेवा.

प्रयोगशाळेत तर नक्की शिरकाव करून घ्या. आपल्या ॲग्रीवाल्यांचं बागेचं पक्कं असतं, रसायनशास्त्र कच्चं. माझंही होतं. टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण टाकून आम्ल मोजणं) डोळे मिटून जमलं पाहिजे. नाशिकच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि पीएच ३.३ ला जेवढ्या मुक्त सल्फर डायऑक्साइडमध्ये (वाईन टिकवणारं रसायन) वाईन सुरक्षित राहते, त्याच्या जवळजवळ तिप्पट ३.८ ला लागतो. हे एक गणित नीट कळलं की निम्मा अभ्यासक्रम सोपा जातो, असं माझं वैयक्तिक मत.

आणि मनातून टेबल द्राक्षाची सवय काढा. आपण घड जीएत (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) बुडवून मणी फुगवतो, एक्स्पोर्टला अठरा मिलिमीटर झाला की खूश होतो. वाईनला मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. मी पहिल्या वर्षी एका बागेतले बारीक घड बघून "माल हलका आहे" म्हणालो होतो. तोच त्या बागेतला सगळ्यात महाग प्लॉट निघाला.

दुसरी वाट युरोपची. तिथे काढणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत आणि शैक्षणिक वर्षही सप्टेंबर-ऑक्टोबरलाच सुरू होतं, म्हणजे वेळ आपोआप जुळते. फ्रान्समध्ये माँपेलिएला इंग्रजीतून मास्टर्स आहे. जर्मनीत गायझेनहाइमचं नाव मोठं, १८७२ पासूनची संस्था, पण जर्मनीच्या व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना आता एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं) लागतं, तोही वेळ धरा. परदेश नकोच असेल तर पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचं एम.एस्सी. आहे, आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरीतच. तिथून शिकून उत्तम काम करणारे लोक मी पाहिलेत.

चवीचं विचारलंय तुम्ही, घरात कुणी पीत नाही म्हणून. नाकापासून सुरुवात करा, त्याला वाईन लागत नाही. वर्गात ब्लॅककरंट, गूजबेरी म्हणतात, आपण ती फळं हुंगलेलीही नसतात. मी वहीत आपली नावं लिहायचो: गवती चहा, लिची, ओली माती, जुनं दप्तर. हिरव्या ढोबळी मिरचीचा तुकडा चिरून झाकून ठेवा आणि तासाभराने वास घ्या. कॅबरने किंवा सोव्हिन्यों ब्लांक या जातींच्या वाईनमध्ये तो वास येतो तेव्हा चटकन ओळखाल. वर्गात चव घेऊन थुंकायचंच असतं, त्यात अपमान कुणाचाच होत नाही. आईला हे आवर्जून सांगा.

जाताना बागेतले बूट नेऊ नका. दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा (वेलीची मुळं खाणारी बारीक कीड) नाही, म्हणून शंभर-दीडशे वर्षांच्या वेली अजून कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि ते लोक मातीला फार घाबरतात. काही बागांच्या फाटकावर क्लोरीनच्या पाण्यात मिनिटभर बूट बुडवून उभं करतात. नवे बूट तिथेच घ्या.

कामाच्या तासांचंही बघून ठेवा. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि क्रशिंगमध्ये, म्हणजे द्राक्षं गाळण्याच्या हंगामात, शिफ्ट बारा तासांची असते, म्हणजे चार शिफ्टमध्ये संपलं. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून नोंदलेलं प्रशिक्षण यात धरत नाहीत. मी वकील नाही, नियम बदलतात, सरकारी संकेतस्थळावरच खात्री करा.

वडील "दारूचं शिक्षण" म्हणतात असं लिहिलंय. त्यांच्याशी भांडू नका. २००१ च्या धोरणानंतर आपल्या भागात कितीतरी जणांनी वाईनच्या जाती लावल्या, मग २००८-०९ च्या मंदीत माल पडून राहिला, पैसे अडकले, बागा तोडाव्या लागल्या. आमच्या घरची शिराझ वडिलांनी स्वतःच्या हाताने तोडली. तुमच्या वडिलांचं "नको" बहुतेक त्या वर्षांतून येतंय, दारूमधून नाही. एकदा त्यांना बरोबर घेऊन वायनरीची प्रयोगशाळा दाखवा.

आज रात्री एक काम करा. दहावी, बारावी, बी.एस्सी.ची मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचं अक्षर अन् अक्षर जुळवा. फरक दिसला तर राजपत्राचा अर्ज याच आठवड्यात टाका, खिडकीवर कुणी मागायची वाट बघू नका. आणि ट्रान्सक्रिप्टच्या एकदम पाच प्रती काढा. एजंटने दिलेली विषयांची सत्रवार यादी असेल तर इथे टाका, कुठला विषय कशावर अडतो ते मी बघून सांगतो.