वाचकांचे प्रश्न: लेबलवर जागाच उरत नाही, काय करू?

मागच्या अंकात पॅकिंगवर लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं नि मेल आले त्यात निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच, लेबल. सगळं लिहायचंय, कायद्याने लिहावंच लागतंय, आणि जागा मात्र तळहाताएवढी. म्हणून यावेळी फक्त लेबलच. नावं छापत नाही, गावं तेवढी दिलीत.

प्रश्न (सांगली): आमच्या बचत गटाचं कैरीचं लोणचं आहे, २०० ग्रॅमची बरणी. बायकांचं म्हणणं लेबलवर देवीचा फोटो पाहिजे, आमचं बोधवाक्य पाहिजे, 'घरगुती' असा लाल फुगा पाहिजे. नंतर कळलं की घटक, पोषणमूल्यं, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे पण सगळं लागतं. प्रेसवाला म्हणतो अक्षर बारीक करू. करू का?

उत्तर: ताई, अक्षर बारीक करणं हा प्रेसवाल्याचा उपाय, त्याला डिझाईन परत करायचं नसतं. आधी बरणी हातात घ्या आणि टेप लावा. साडेसहा सेंमी व्यासाची बरणी असेल तर घेर येतो साधारण २०.४ सेंमी, लेबलची उंची साडेपाच धरली तर तुमच्याकडे ११० चौरस सेंमीच्या आसपास जागा आहे. ही कमी नाहीये! पण गोल बरणीवर समोरून एका वेळी नीट वाचता येतो तो फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे सात सेंमी. बाकीचे तेरा सेंमी लोक बरणी फिरवूनच वाचणार. लेबल असंच दोन भागात तोडा, पुढे काय आणि मागे काय.

पुढे काय हवं ते ठरलेलंच आहे. पदार्थाचं नाव, ब्रँड, निव्वळ वजन, आणि नावाजवळच हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ. त्या खुणेला माप आहे बरं का, पुढच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमीपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मिमी आणि चौकोनाची बाजू किमान ६ मिमी. लोक हौसेने रुपयाएवढं मोठं करतात, काही गरज नाही.

उरलेलं सगळं मागे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे कैरी जास्त असेल तर कैरी पहिली, मग जे जास्त ते. पोषणमूल्यांचा तक्ता १०० ग्रॅममागे. मग उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचा लोगो नि १४ आकडी नंबर, बॅच, तयार केल्याची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख, एमआरपी सगळ्या करांसहित, आणि हल्ली ग्रॅममागे किंमत पण. २०० ग्रॅमची बरणी १३० रुपयांना असेल तर ०.६५ रुपये प्रति ग्रॅम असं. शिवाय ग्राहकाने तक्रार कुठे करायची तो फोन आणि मेल.

आता अॅलर्जीची ओळ, जी मी बघितलेल्या दहातल्या नऊ लोणच्यांवर अर्धवट असते. पदार्थात शेंगदाणे असतील तर शेंगदाणा लिहिलाच पाहिजे हे लोकांना कळतं. पण हिंग? बाजारातला पावडर हिंग हा बहुतेक वेळा कम्पाउंडेड असतो, म्हणजे त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि ग्लुटेन असलेलं धान्य अॅलर्जीच्या यादीत आहे. तुमच्या हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, गहू असेल तर तुमच्या लोणच्यावर पण गहू आला पाहिजे. ही ओळ लेबलवर दीड सेंमी जागा खाते, आणि ज्याला गहू चालत नाही त्याच्यासाठी लेबलवरची सगळ्यात कामाची ओळ हीच.

आता कात्री. बोधवाक्य काढा. देवीचा फोटो मी काढा म्हणणार नाही कारण गटात भांडण लागेल, पण तो बरणीच्या झाकणावरच्या गोल स्टिकरवर न्या, तिथे छान दिसेल आणि लोकांचा तेलकट हात सुद्धा कमी लागेल. 'घरगुती' फुग्याचं मात्र जपून. २०१८ च्या दाव्यांबद्दलच्या नियमांमध्ये 'होममेड', 'होम कुक्ड' असले शब्द ग्राहकाची चुकीची समजूत होईल अशा पद्धतीने वापरायला मनाई आहे. तुम्ही गटाच्या शेडमध्ये शंभर किलोच्या घाण्याने लोणचं घालता, मग ते घरगुती कसं? फुगा गेला की वजन मोठं आणि ठळक बसवायला हवी तेवढी जागा मिळते.

आणि बारीक अक्षराबद्दल. लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजनमापांच्या कायद्याच्या, २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज (पाकिटबंद माल) नियमांनुसार अक्षराची उंची १ मिमीच्या खाली जाता कामा नये. सहा पॉइंटच्या साध्या एरियल फॉन्टमध्ये इंग्रजी स्मॉल अक्षर जेमतेम १.१ मिमी भरतं, म्हणजे प्रेसवाल्याने 'पाच पॉइंट करतो' म्हटलं की तुम्ही नियमाच्या बाहेर. वजनाच्या आकड्यांना आणि काही खास सूचनांना तर याहून मोठं लागतं. अजून एक पळवाट लोक काढतात, कोरलमध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर) अक्षर आडवं दाबून अरुंद करायचं. त्यालाही नियम आहे, रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको.

फाईल फायनल करायच्या आधी घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढा, 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के साईजला, बरणीला गुंडाळा आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला ट्यूबलाइटखाली वाचायला द्या. तिला चष्म्यासकट तारीख सापडली नाही तर परत बसा.

प्रश्न (चिपळूण): कोकम आगळ आणि आमसुलाचा छोटा व्यवसाय. मला सगळं लेबल मराठीतच करायचंय, गिऱ्हाईक मराठीच आहे. देवनागरी चालते असं कुणीतरी म्हणालं.

उत्तर: त्या कुणीतरीने अर्धंच सांगितलं. नियम असा की सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, त्याशिवाय तुम्हाला हवी ती भाषा जास्तीची घाला. लिपी एकच असली तरी फक्त मराठीतलं लेबल चालत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. मला पण वाटतं.

पण यातून लोक दुसरी चूक करतात, सगळं इंग्रजीत आणि परत सगळं मराठीत. लेबल दुप्पट भरतं आणि कुणीच वाचत नाही. माझं मत स्पष्ट आहे, कायद्याची माहिती एकदाच, इंग्रजीत, मागे. मराठीत फक्त ते ठेवा जे मराठी माणूस खरंच वाचणारे: पुढे मोठं 'कोकम आगळ', मागे एका ग्लासला किती चमचे, मीठ आधीच घातलंय का, बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची का. आगळात मीठ असतं हे मुंबईतल्या नव्या पोरांना माहीत नसतं, ते सरबत समजून साखर घालून पितात आणि मग एक स्टार देतात. ती एक मराठी ओळ लेबलवर असलीच पाहिजे.

देवनागरी छापताना एक लक्षात ठेवा, आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीएवढं ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आणि बारीक आकारात ठळक फॉन्ट घेतला की 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांची पोटं शाईने भरून काळे ठिपके होतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट फुकट आहे, धंद्याला वापरता येतो आणि लहान आकारात उघडा राहतो, त्याचा साधा, ठळक नसलेला प्रकार वापरून बघा. प्रेसला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि प्रेसकडे तो फॉन्ट लागत नाही. तुमच्या जुन्या लेबलचा मजकूर श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच, सगळी गिचमिड. तो मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाईप करणं हाच शहाणपणा.

हो, आणि गडद जांभळ्यावर पांढरी बारीक अक्षरं नको. कोकम आहे म्हणून सगळे जांभळं करतात. छापताना शाई पसरते आणि पांढरी अक्षरं आतून बुजतात. मागचा मजकूर पांढऱ्यावर काळा, आणि तो काळा पण एकाच प्लेटचा, म्हणजे फक्त काळ्या शाईचा, चार रंग मिळून केलेला काळा नको, प्लेट केसभर हलली की बारीक अक्षराला दोन दोन सावल्या येतात.

प्रश्न (पुणे): ५० ग्रॅमची शेंगदाणा चटणी, लेबल इतकुसं आहे. छोट्या लेबलला सूट असते ना?

उत्तर: सूट छोट्या लेबलला नाही, छोट्या पॅकला आहे. हा गोंधळ इतका पसरलाय की काय सांगू. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमात पॅकेजचा पृष्ठभाग १०० चौरस सेंमीच्या आत असेल तर घटक, पोषणमूल्यं, बॅच नंबर अशा काही गोष्टी त्या पॅकवर नसल्या तरी चालतात, पण त्या मोठ्या बाहेरच्या पॅकवर द्याव्याच लागतात. तारखांची सूट तर फक्त ३० चौरस सेंमीच्या आत. तुमची चटणी पाउचमध्ये असेल ना? दहा बाय बाराचं पाउच, एक बाजूच १२० चौरस सेंमी झाली. तुम्ही त्यावर चार सेंमीचं गोल स्टिकर लावलं हा तुमचा निर्णय, कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. मागच्या बाजूला दुसरं स्टिकर लावा, संपला विषय. आणि खरंच लहान पॅक असला तरी मी शेंगदाण्याची सूचना टाकेनच, सूट असो नसो.

प्रश्न (नाशिक): बेदाणे विकतो. मी सगळी माहिती क्यूआरमध्ये टाकली तर लेबल मोकळं राहील आणि प्रीमियम दिसेल. बरोबर ना?

उत्तर: दिसेल प्रीमियम, पण बरोबर नाही. खाण्याच्या पदार्थावरची सक्तीची माहिती छापलेलीच पाहिजे, क्यूआर हा जास्तीचा. २०२२ मध्ये काही माहिती क्यूआरने द्यायची सवलत दिली होती ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना, ती बातमी व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत बेदाण्यापर्यंत आलेली दिसते. औषधांचं वेगळं, तिथे ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर कोड सक्तीचा आहे आणि आतल्या पॅकवर जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालतो, पण म्हणून बाकीची छापील माहिती गेली नाही.

क्यूआरमध्ये बाग दाखवा, सल्फर म्हणजे गंधक वापरता की नाही ते सांगा, रेसिपी टाका. सल्फाइटचं मात्र पाकिटावर पण लिहावं लागेल, किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते अॅलर्जीच्या यादीत येतं, आणि गंधक दिलेल्या सोनेरी बेदाण्यात ते सहज असतं.

कोड छापताना भोवती चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा सोडा, डिझायनर तिथे पान नाहीतर वेल घुसवतात आणि मग स्कॅन होत नाही. लिंक जितकी लांब तितके ठिपके बारीक, म्हणून लिंक आखूड ठेवा. दोन सेंमीच्या खाली मी जाणार नाही. आणि चकचकीत चुरगळणाऱ्या पाउचच्या जोडाजवळ नको.

प्रश्न (यवतमाळ): माझं कृषी सेवा केंद्र आहे. फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवर घडीची पुस्तिका चिकटवलेली येते, उघडून परत चिकटवता येते. मुलगा मधाचा धंदा सुरू करतोय, त्याला तसं करता येईल का?

उत्तर: त्याला बुकलेट लेबल म्हणतात. खाली बाटलीला पक्कं चिकटणारं लेबल, त्यावर घडी घातलेला कागद, आणि वरून पारदर्शक फिल्म जिच्या एका कडेला गोंद नसतो, तिथून नख घालून उघडायचं. कीटकनाशकांना ते शोभतं कारण त्यांना सांगायचंच खूप असतं, विषबाधेची लक्षणं, उतारा, पिकानुसार मात्रा, तेही इंग्रजी-हिंदीबरोबर त्या भागातल्या भाषेत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी माहितीपत्रक तर सक्तीचं आहेच, शिवाय लेबलच्या सोळाव्या हिश्श्याएवढा तो विषारीपणा दाखवणारा तिरका चौकोन, लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. तुम्ही रोज बघता. एवढं सगळं एका कागदावर मावणार कसं?

मधाला एवढं काही सांगायचं नसतं हो. बुकलेट लेबलला वेगळं मशीन लागतं, थोड्या नगांना कुणी करून देत नाही, आणि दिलं तरी एका बाटलीचा खर्च ऐकून मुलगा धंदा सोडेल. मानेला सुतळीने बांधायचं जाड कागदाचं टॅग करा, चार पानांची घडी, त्यात कुठल्या फुलोऱ्याचा मध, थंडीत साखर का धरतो, कोमट पाण्यात बाटली कशी ठेवायची हे लिहा. साखर धरली की लोक 'भेसळ' म्हणून परत आणतात, तेवढं एक पान वाचलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील. फक्त सक्तीची माहिती टॅगवर नको, टॅग दुकानातच तुटून पडतं, ती बाटलीवरच.

प्रश्न (कोल्हापूर): पत्ता बदलला, जुनी लेबलं भरपूर शिल्लक. नव्या पत्त्याची पट्टी वर चिकटवू का?

उत्तर: नको. माहिती बदलायला किंवा नव्याने द्यायला असं सुटं स्टिकर लावायला परवानगी नाही. अपवाद एमआरपी कमी करायचा, आणि तिथेही जुनी किंमत झाकायची नाही. जुनी लेबलं रद्दीत घाला, आणि पुढच्या वेळी एकदम दहा हजार छापू नका. बॅच, तारीख, किंमत यांच्यासाठी रिकामा चौकोन सोडा आणि प्रेसला सांगा की तेवढ्या भागावर लॅमिनेशन किंवा व्हार्निश नको. गुळगुळीत फिल्मवर शिक्क्याची शाई धरत नाही, मसाल्याचा हात लागला की तारीख पुसली जाते.