खिडकी बसवण्याआधी ढाळ बघा

भाऊ, लातूरकडं उन्हानं हैराण होऊन आपण खिडकी मोठी करतो, अन् मृगाचा पहिला पाऊस झाला की भिंत फुगते. दोष खिडकीचा नसतो, खालच्या कडप्प्याचा, म्हणजे चौकटीखालच्या दगडी फरशीचा असतो. त्याला बाहेरच्या बाजूला ढाळ द्या, फुटाला पाव इंच तरी. कडप्पा भिंतीच्या इंचभर बाहेर काढा आणि खालून कटरनं खाच मारा. थेंब तिथंच तुटतो, भिंतीवर ओघळत नाही. मिस्त्री म्हणेल, ‘काही गरज नाही.’ उभं राहून करून घ्या. माझ्या पहिल्या खिडकीला ढाळ आत होता. दोन पावसाळे पोतं पिळलं!

माप गिलावा झाल्यावरच घ्या, वर-मध्ये-खाली तिन्हीकडं, आणि सगळ्यात लहान धरा. चौकटीभोवती पाच मिलिमीटर फट राहू द्या, उन्हात ॲल्युमिनियम फुगतं. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच स्क्रू आवळा.

ती फट भरायला सिलिकॉन न्यूट्रलच मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटवर टिकत नाही. धूळ पुसून, कोरड्या भिंतीवर भरा. आणि खालच्या पट्टीतली बारकी भोकं चुकूनही बुजवू नका, ट्रॅकमधलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.