गॅलरीतला सेन्सर पावसाळ्यात वेडा का होतो?

प्रश्न : नमस्कार सर, मी चेंबूरला राहते, इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि पीएमएस५००३ (धुळीचा सेन्सर) जोडून धूळ मोजायचं यंत्र केलंय, ते गॅलरीत लावलंय. पण पाऊस थांबला रे थांबला की पीएम २.५ (अगदी बारीक धुळीचा आकडा) एकदम शंभरच्या वर, हवा तर स्वच्छ वाटते तेव्हा. मैत्रीण म्हणते एआय मॉडेल टाक, सगळं सरळ होईल. होईल का?

उत्तर : बरंचसं होईल, पण आधी सेन्सर कुठे फसतोय ते समजून घे. तो धुळीचं वजन करत नाही, लेसरचा उजेड कणांवरून किती विखुरतो त्यावरून अंदाज बांधतो. आपल्या हवेत समुद्राचं मीठ, आणि मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या आसपास पाणी ओढून थेंबच होतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना तेच हे. कण फुगला की उजेड जास्त विखुरतो आणि सेन्सरला वाटतं धूळ वाढली.

म्हणून आर्द्रता मोजायलाच हवी. बीएमई२८० हा आर्द्रतेचा सेन्सर लाव, पण ईएसपी३२ ला चिकटून नको, चिपची गरमी लागली की आर्द्रता कमी दिसते आणि मॉडेल तीच खोटी आर्द्रता शिकत बसतं.

आता मॉडेलला खरं उत्तर कोणीतरी दाखवायला लागतं. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून हवा मोजणाऱ्या सरकारी स्टेशनच्या (त्याचा आकडा तेच खरं उत्तर) अगदी शेजारी यंत्र ठेवायची परवानगी मिळते का बघ, आणि पावसाळा, हिवाळा दोन्हीतले काही आठवडे पकड. लांबच्या स्टेशनचा आकडा घेऊन शिकवू नकोस गं, ती हवाच वेगळी.

सुरुवात साध्या समीकरणाने कर. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, पर्पलएअर या हवा मोजायच्या यंत्रासाठी (त्यातही तुझ्या सेन्सरच्याच कंपनीचे, प्लँटॉवरचे सेन्सर) रीडिंग गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५ एवढंच वापरलं. हे आकडे तिकडच्या हवेचे, तुझे तुला काढावे लागतील. त्यापेक्षा रँडम फॉरेस्ट (बऱ्याच निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारं मॉडेल) खरंच चांगलं आलं तरच ते घे, आणि एक लक्षात ठेव, शिकताना बघितलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर ते जातच नाही, म्हणजे फक्त जुलैवर शिकवलंस तर डिसेंबरचं धुरकं ते गुपचूप कापून दाखवेल, आणि नेमकं तेव्हाच लोकांना खरा आकडा हवा असतो.

मॉडेल तपासताना इकडून तिकडून सुटी रीडिंग उचलू नकोस, पाच मिनिटांपूर्वीचं आणि आत्ताचं सारखंच असतं, मॉडेल पाठ करून पास होतं. अख्खे आठवडे बाजूला काढून ठेव आणि त्यावर बघ.

छोटं मॉडेल ईएसपी३२ च्या ५२० केबी रॅममध्ये आरामात बसेल. फक्त कच्चे आकडे पुसू नकोस, सेन्सरच्या पंख्यात धूळ साठून त्याचे आकडे हळूहळू सरकतात, तेव्हा परत स्टेशनशेजारी नेऊन शिकवायला तेच लागतील.