लेडी मॅकबेथवर लिहिताना

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या लेडी मॅकबेथवरच्या निबंधाचा तुझा मसुदा वाचला. ‘लेडी मॅकबेथ महत्त्वाकांक्षी आणि क्रूर आहे’ हे पहिलंच वाक्य आधी काढ. ते प्रत्येक गाइडमध्ये असतं.

त्याऐवजी दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघड. झोपलेला राजा डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच त्याला मारलं असतं, असं ती म्हणते. क्रूर बाईच्या तोंडी हे कसं आलं? तुझा निबंध इथून सुरू व्हायला हवा. त्याच प्रवेशात दोघांचे हात डंकनच्या रक्ताने माखलेले असताना ती नवऱ्याला, मॅकबेथला, सांगते की थोड्याशा पाण्याने हे धुऊन निघेल. आता थेट पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश वाच. झोपेत चालत ती तेच हात चोळते आहे, आणि डाग काही जात नाही. मग अपराधभावाच्या ‘थीम’साठी वेगळा परिच्छेद कशाला?

बहुतेक मुलं एक गोष्ट सोडून देतात. एरवी पद्यात बोलणारी ही बाई इथे गद्यात, तुटक बोलते. शिवाय तिसऱ्या अंकातल्या मेजवानीनंतर ती थेट इथेच दिसते. मधे तिला का ठेवलं नसेल, ते तू तुझ्या शब्दांत मांड.

कथानक सांगत बसू नकोस, तपासणाऱ्यांना ते पाठ असतं. नाटकातल्या चेटकिणींना एक परिच्छेद पुरे. मूळ इंग्रजी जड गेलं तर सटीप आवृत्ती घे. मराठी अनुवाद शेजारी असला तरी हरकत नाही, पण पुरावा मूळ ओळीचाच दे, अंक-प्रवेशाच्या आकड्यासह.