बॉल दुसऱ्या टोकाला असताना

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा रात्री आणि एकदा सकाळी चहा झाल्यावर. रात्री वाचलेलं मला सगळंच चांगलं वाटतं, म्हणून.

तुझ्या शेवटच्या पानावर पोरगं रंकाळ्यात उतरतं. आधी त्याबद्दल. ते पोरगं कागदावरचं आहे की तूच आहेस, एवढं सरळ विचारतो. तूच असशील तर सिनेमा राहू दे बाजूला, मला फोन कर, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे ती, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत.

आणि बुडतंय ते नुसतं पात्रच असेल, तर मग आपण लिहिणारे म्हणून भांडू. हा शेवट तुझा नव्हे. कुठून कुठून बघितलेल्या सिनेमांतून तो तुझ्या अंगाला चिकटलाय. आपल्यासारख्या समलिंगी माणसांच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे, असा जणू शिरस्ता पडलाय. प्रेक्षक डोळे पुसतो, मोकळा होतो, घरी जाऊन जेवतो. आपल्याच घरात एक पोरगं गप्प बसलंय, तिकडं त्याचं लक्षही जात नाही. शेवटची दोन पानं काढ. त्यांच्या जागी काय घालायचं ते आत्ता ठरवू नकोस.

आता तुझ्या नवव्या पानाकडं येतो, कारण खरा सिनेमा तिथं आहे. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, फुटबॉलची मॅच, पाटाकडील विरुद्ध दिलबहार, दोन्हीकडच्या पेठा उठून ओरडताहेत, बॉल पार त्या टोकाला. आणि तुझं पोरगं बघतंय या टोकाच्या गोलकीपरकडं. तो गोलपोस्टला टेकून हातमोज्याची पट्टी दातानं ओढतोय. अख्ख्या स्टेडियमात त्या क्षणी त्याच्याकडं बघणारा हा एकच. लेका, हे तू कुठून आणलंस? मी एवढी वर्षं कॅमेऱ्यामागं काढली, मला हे सुचलं नसतं. एकटेपणा म्हणजे काय हे तू एका वाक्याचाही संवाद न लिहिता सांगून टाकलंयस, आणि पुढच्याच पानावर गच्चीवर उभं करून त्या पोराला दीड पान बोलायला लावलंयस. ते दीड पान गेलं तरी चालेल. गेलंच पाहिजे.

अजून एक पकडलंय. सबंध अठ्ठावीस पानांत गोलकीपर एकदाही ‘तो’ झालेला नाही. ‘पोरगं आलं’, ‘पोरगं हसलं’, ‘पोरगं बसमधनं उतरलं’. ‘त्याला’, ‘त्यानं’ मात्र बिनधास्त लिहिलंयस, कारण तिथं तो आणि ते दोन्ही सारखेच होतात. वाचताना हसू आलं, कारण ही युक्ती मलाही पाठ आहे. मराठीत लपायचं म्हणजे अवघड काम. प्रत्येक क्रियापद चुगली करतं. त्यात आपलं कोल्हापूर दयाळू: इथं बायकासुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात आणि दाढी फुटलेला गडीही ‘पोरगं’च असतो. मी वीस-बावीसचा होईपर्यंत याच नपुंसकलिंगात राहिलो. ‘एक जण भेटलं होतं.’ ‘कोण रे?’ ‘हाय एक.’ तुझ्या घरच्यांशी बोलताना ही भाषा वापर, हवी तेवढी वर्षं वापर, त्यात काही खोटेपणा नाही. पटकथेत मात्र ‘तो’ लिही. पटकथा चारच माणसं वाचणार आहेत, आणि कॅमेऱ्याला नपुंसकलिंग नसतं.

हे मी अधिकारानं सांगतोय, कारण मी नेमकं उलटं केलं. १९९३ साली लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा दोन दिवस भाड्यानं आणून अर्ध्या तासाची फिल्म केली होती. दोन पोरं सायकलनं पन्हाळ्याला निघतात, वाघबीळच्या चढाला एकाची चेन पडते, दुसरा ती बसवून देतो. बस्स, एवढीच गोष्ट. ज्यांनी पैसे घातले होते ते म्हणाले, यात एक मुलगी कर, लोकांना कळेल तरी काय चाललंय. मी केली. लोकांना कळलं. चेन बसवताना हिरोचे हात काळे होतात आणि ती रुमाल पुढं करते, तिथं शिट्ट्या पडल्या. मूळ गोष्टीत रुमाल नव्हता. ते काळे हात दुसऱ्यानं स्वतःच्या पँटला पुसले होते. फिल्मला बक्षीस मिळालं. ती कॅसेट मी पुन्हा लावलेली नाही.

तुला माहीतच असेल, आपल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. प्रत्येक मास्तर हे उदाहरण ‘साधनं नाहीत म्हणून रडू नका’ हे सांगायला देतो. मला त्यातलं दुसरंच लागतं. त्याआधी सात वर्षं फाळक्यांना तारामती करायला पुरुष उभा करावा लागला होता. पेंटरांच्या पडद्यावर बायका स्वतः उभ्या राहिल्या, आणि त्या काळी ते सोपं नव्हतं. त्याच गावात, सत्तरेक वर्षांनी, मी मुलाच्या जागी मुलगी उभी केली. भीतीनं.

आता तुला न आवडणारं. तू पाठवलेल्या क्लिपांमध्ये तिसरी आणि पाचवी क्लिप खऱ्या गोलकीपरची आहे, लांबून झूम करून घेतलेली. त्याला ठाऊक नाही. त्या दोन्ही पुसून टाक, माझ्या फोनवरच्या मी पुसल्या. तुझ्या मनात काय आहे ते तुझं, पण त्याचा चेहरा त्याचा आहे. उद्या ती क्लिप पेठेतल्या कुठल्या ग्रुपवर गेली तर त्याचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यालाच भूमिकेत घ्यायचा विचारही नको. दुसरा मुलगा शोध, त्याला सगळी गोष्ट आधी सांग, आणि अठराच्या आतला असेल तर त्याच्या घरच्यांनाही.

माणसं शोध हे मी मुद्दाम म्हणतोय. कविता एकट्याला जमते, सिनेमा जमत नाही, आणि तुझ्यासारख्यासाठी हीच त्यातली सगळ्यात बरी गोष्ट आहे. आवाज धरणारा कुणी बघ. फोनच्या चित्राला लोक माफ करतात, फोनच्या आवाजाला करत नाहीत. तो आपल्यातलाच असला पाहिजे असं काही नाही. ‘मूनलाइट’ तू बघितलायस. ती गोष्ट मुळात टॅरेल मॅक्रेनीची, तो समलिंगी. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स नाही. पण मायामीतली लिबर्टी सिटी ही वस्ती दोघांची, आणि व्यसनात अडकलेली आईही दोघांनी बघितलेली. तेवढ्यावर त्यांचं जमलं. तुला मंगळवार पेठ माहीत असलेला, मॅचला तुझ्याशेजारी बसून तुझी नजर कुठं जाते ते न विचारणारा एक दोस्त पुरेल.

आणि ‘साबर बोंडं’ मिळेल तिथं बघ. रोहन कानवडेचा, २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांतला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आलेला, आपल्या मराठीतला. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहिलेल्या माणसाची गोष्ट. त्याच्या आईला त्याच्याबद्दल आधीपासून माहीत आहे. एवढ्या एका गोष्टीनं ‘आई, मला काहीतरी सांगायचंय’ हा प्रसंगच गळून जातो आणि सिनेमाला बाकीचं बघायला सवड मिळते. तुझ्या गच्चीवरच्या दीड पानासाठी हे औषध आहे.

तुझ्या स्वतःच्या आईचं वेगळं. तिला पहिल्यांदा काय कळायचं ते पडद्यावरून, पन्नास लोकांत बसून कळू नये. सांगायचं असेल तर आधी सांग, नसेल तर तिला त्या दिवशी बोलावू नकोस. तुला बरं करायला डॉक्टरकडं न्यायची भाषा घरात निघालीच, तर मला कळव. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंच २०१८ मध्ये सांगितलंय की हा आजार नव्हे. त्याच साली, ६ सप्टेंबरला, समलिंगी संबंध गुन्हा नव्हे हा ३७७ कलमाचा निकाल आला हे खरं, पण तो सज्ञान माणसांबद्दल आहे. तू सतराचा. ऑनलाइन ‘रोल देतो, भेटायला ये’ म्हणणारे जे दोघं तुला मेसेज करताहेत, त्यांना हे वय चांगलं माहीत असतं. उत्तर देऊ नकोस. स्क्रीनशॉट मात्र ठेव.

रविवारी सकाळी नऊला मिसळ खायला या, तू आणि तो आवाजवाला दोस्त, दोघंही. येताना स्टेडियमचा दहा मिनिटांचा आवाज टेप करून आण, बॉल लांब असतानाचा, गोल झाल्यावरचा नको. आणि गोलकीपरचे हातमोजे कुणाकडून उसने मिळतात का बघ. वापरलेले. नवे असले की पडद्यावर लगेच कळतं.

तुझा,
काका