यिर्मयाचे खरेदीखत : मोहोरबंद प्रत आणि उघडी प्रत

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ३२ व्या अध्यायात शेताच्या खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद आणि दुसरी उघडी असते, त्याचा गूढार्थ काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिथे गूढ काहीही नाही. ते खत कायद्याने पक्के होते आणि त्या पक्केपणातच भविष्यवाणीचे बळ आहे.

मी २६ वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहिले. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासवर्गात एका शिक्षकांनी मोहोरबंद प्रत म्हणजे बायबलचा पहिला भाग, जुना करार, आणि उघडी प्रत म्हणजे दुसरा भाग, नवा करार, असे शिकवले, तेव्हा मी उभा राहून म्हणालो की दोन प्रती करणे ही त्या काळची व्यवहाराची रीतच होती. “तुम्हाला सगळीकडे मुद्रांकच दिसतो,” असे ते सर्वांदेखत म्हणाले. याला ११ वर्षे झाली, तरी ते वाक्य मला अजून टोचते, कारण त्या अध्यायात मला जे दिसते ते दस्त लिहिल्यामुळेच दिसते.

बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन त्याला अनाथोथ गावचे शेत घ्यायला सांगतो, कारण ते सोडवून घेण्याचा हक्क भाऊबंदाचा आहे. यिर्मया १७ शेकेल, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम चांदी ताजव्यात तोलून देतो, खतावर सही व मोहोर करतो, साक्षीदार घेतो आणि दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. ज्याला व्यवहार नावापुरता करायचा असतो, तो सर्वांत आधी साक्षीदारांच्या बाबतीत हयगय करतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. इथे एकही पायरी गाळलेली नाही.

उघडी प्रत वाचण्यासाठी असे, आणि तिच्यात फेरफार झाल्याचा वाद निघाला तर मोहोर फोडून आतला मजकूर ताडून पाहता येई. १९६१ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबथा नावाच्या यहूदी स्त्रीची कागदपत्रे सापडली. ती यिर्मयानंतर सुमारे ७०० वर्षांची आहेत, तरी त्यांतील अनेकांत तोच मजकूर दोनदा लिहिलेला आहे: वर गुंडाळून बांधलेला, खाली उघडा.

आता अर्थ पाहा. शेताच्या मुलखात शत्रू उतरलेला, घेणारा कैदी, आणि १६ व्या अध्यायाप्रमाणे त्याला बायको करण्याची मनाई असल्यामुळे पुढे वारसही नाही. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे वचन अशा माणसाने स्वतःची चांदी मोजून सांगितले. खत बारूखच्या हाती दिल्यावर यिर्मया स्वतःच देवाला म्हणतो की नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात असताना तू मला शेत घ्यायला सांगितलेस. ते खत केवळ दृष्टांतासाठी असते, तर त्याला हा पेच पडला नसता.

यशया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायातील मोहोरबंद पुस्तक मात्र न उमगण्याविषयीच आहे, त्यामुळे प्रत्येक मोहोरेला माझा नियम लावू नये. पण त्याच यशयाच्या ५० व्या अध्यायात देव विचारतो, तुमच्या आईचे सूटपत्र (घटस्फोटाचा कागद) कुठे आहे? तिथेही आधी कागदाचा कायदा कळावा लागतो, तेव्हाच प्रश्नाची धार कळते.

आपल्याला कोणी दोन प्रतींचे दोन करार शिकवले असतील, तर त्यांना यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायातील ९ ते १४ ही वचने मोठ्याने वाचायला सांगा आणि चांदी का तोलली, ते विचारा. मी त्या दिवशी हेच विचारायला हवे होते.