पाखरासारखे खाणे म्हणजे किती खाणे?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ‘शी ईट्स लाइक अ बर्ड’ या वाक्याचा अर्थ तिने ‘ती दिवसभर खात असते’ असा लिहिला आणि तिचे गुण गेले. अशी वाक्ये तिच्याकडून कशी पाठ करून घ्यावीत?
– एक पालक, सातारा

उत्तर : गुण गेले हे योग्यच झाले, पण निरीक्षण मुलीचेच खरे आहे; लहान पाखरे आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ खातात आणि त्यासाठी दिवसभर दाणे टिपत हिंडतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र चोचीत मावणारा एवढासा दाणा तेवढा पाहिला, म्हणून या वाक्याचा अर्थ ‘ती अगदी थोडे खाते’ असा रूढ झाला. आपणही ‘चिमणीएवढा घास’ म्हणतोच. याउलट भरपूर खाणारा माणूस इंग्रजीत घोड्यासारखा खातो. आपल्याकडे त्या जागी थेट बकासुर येतो.

खरी फसगत घुबडापाशी होते. रात्री जागून काम करणाऱ्याला इंग्रजीत ‘नाइट आउल’ म्हणतात आणि त्यात निंदा नसते, परंतु हेच मराठीत शब्दशः आणून घरातल्या जाग्या माणसाला घुबड म्हटले, तर तो भांडायलाच उठेल. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ला मात्र आपले नक्राश्रू तंतोतंत जुळतात.

तेव्हा पाठांतर नको. वहीत प्रत्येक प्रयोगासमोर घरातल्या एखाद्या माणसाचे नाव तिला लिहू द्या, मग ती यादी पाहुण्यांना दाखवण्याजोगी राहिली नाही तरी चालेल.